दाराजवळचा बाक

आमच्या बोर्डिंगात देवापुढे बसायलाही नंबर लागतो. टोमणा मारत नाही, खरंच सांगतो. वर्ध्याहून सेलूकडे निघालं की रस्त्यापासून जरा आत, कपाशीच्या शेतांना लागून मिशनची ही मुलांची शाळा आहे. तिच्या मधोमध कौलारू चॅपल. आत बाकांच्या तीन रांगा, आठवी, नववी आणि दहावी. परीक्षेचा निकाल लागला की पुढच्या रविवारी पोट्टे आपापल्या नंबराप्रमाणे बसतात. पहिला आलेला अगदी पुढे, वेदीच्या पायऱ्यांशी. शेवटचा मागे, दाराजवळ. शाळा काढणाऱ्या कुण्या जुन्या फादरने हा नियम केला आणि त्यानंतर आलेल्या एकाही फादरला तो मोडावासा वाटला नाही.

मी चंद्रभान येळणे. इथे गणित शिकवतो. माझ्या घरी केळझरच्या गणपतीची चतुर्थी चालते, त्यामुळे येशूशी माझं नातं शेजाऱ्यासारखं, येता-जाता नमस्कार करण्यापुरतं. पण रविवारच्या प्रार्थनेला मी जातोच. एवढ्या पोट्ट्यांवर नजर ठेवायला कुणीतरी लागतं, आणि खरं सांगायचं तर ती गाणी मला आवडतात. पोरांपैकी अर्धीअधिक ख्रिस्ती नाहीतच. कुणी गोंड, कुणी कोलाम, कुणी कास्तकाराचा. प्रार्थनेची सक्तीही आता राहिलेली नाही. पण रविवारचा नाश्ता प्रार्थनेनंतर मिळतो, म्हणून भक्ती टिकून आहे.

रविवारी भेटायला येणारे आईबाप मागच्या व्हरांड्यात, पायरीवर बसतात. आत जागा नसते म्हणून ही सवय पडली. चपला काढायच्या, पायरीवर टेकायचं आणि आतल्या गर्दीत आपल्या पोराचं डोकं शोधायचं. तेल लावलेल्या, न लावलेल्या डोक्यांतून आईला आपलं डोकं बरोबर सापडतं.

सुंदराबाई उईके या पायरीवर तीन वर्षांपासून बसत होती. कारंज्याच्या पलीकडच्या गोंडांच्या पाड्यावरची बाई, नवरा गेलेला. तिचा धाकटा हेमराज आठवीत आमच्याकडे आला आणि पहिल्याच परीक्षेपासून पुढच्या बाकावर बसला. तिथून तो कधी हललाच नाही. मी बऱ्याच हुशार पोरांना शिकवलं आहे. बहुतेकांना उत्तर येतं, याला प्रश्न दिसायचा. फळ्यावर गणित मांडताना माझ्या मागे एक बारीकसा सुस्कारा ऐकू आला, की समजायचं, हेमराजचं झालं.

नववीत असताना एका रविवारी मी मोठ्या ऐटीत सुंदराबाईजवळ गेलो. म्हटलं, "पोरगा पहिला आला बरं तुमचा. लय हुशार आहे."

बाईने पदर नीट केला, मान हलवली आणि भिऊन माझ्याकडे पाहिलं. "सर लोकं चांगलंच सांगते जी," ती म्हणाली. "तुमी त्याच्याकडे पाहात राहा, बस."

मला रागच आला. पहिला आल्याचं सांगितल्यावर लोक पाया पडतात, गूळ वाटतात. ही बाई कुणी मेल्याची बातमी ऐकावी तशी बसून राहिली होती. तिला आनंदच कळत नाही, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

दहावीला एक गोष्ट आणखी असते. प्रिलिममध्ये पहिला येणाऱ्या एका मुलाला मिशन नागपूरच्या कॉलेजात पाठवतं. राहणं, खाणं, फी, पुस्तकं, दोन वर्षं सगळं त्यांचं. आमच्या बोर्डिंगासाठी जागा एकच. बोर्डाचा निकाल लागेपर्यंत ती थांबत नाही, म्हणून प्रिलिमवर ठरते. ती हेमराजची आहे हे स्वयंपाकघरातल्या आनंदाबाईपासून फाटकावरच्या तानबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा नंबर रजत भोयरचा यायचा. त्यालाही ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. दोघं एकाच ताटात जेवणारे.

जानेवारीत प्रिलिम झाली. हेमराजचा पेपर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, जेवणानंतर पानाचा विडा ठेवावा तसा. उघडला आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. पहिलं गणित चूक. दुसरं चूक. सगळीच चूक. पण कशी? प्रत्येक गणितात पहिल्याच ओळीत चिन्ह बदललेलं, आणि तिथून खाली सगळं नीटनेटकं, एका सरळ रेषेत चुकत गेलेलं. ज्याला येत नाही तो पोरगा जागा बदलून बदलून चुकतो. इथे अडतो, तिथे खाडाखोड करतो. हा एकाच जागी, ठरवून चुकला होता. बाकीच्या सरांना विचारलं तर त्यांच्याकडेही तीच गत. विज्ञानात अर्धा पेपर कोरा. मराठीत निबंधच नाही.

दुपारी त्याला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "काऊन रे, डोस्कं ठिकानावर हाय का तुह्यं?"

"पेपर कठीण होता, सर."

"माह्या पुढं उभा राहून मलेच शिकवून राह्यला? पहिल्या ओळीत चिन्ह काऊन बदललं? सगळ्याच गणितात? बोल."

तो टाकीतून पाणी ओघळत होतं तिकडे बघत उभा. मग एकदम म्हणाला, "सर, मले मागं बसाचं हाय. दाराजवळ. माह्या मायले तसंच पायजे."

ते सगळं समजायला मला वेळ लागला. तो तुटक तुटक बोलत होता आणि मी मध्ये मध्ये ओरडत होतो. पण होतं ते असं.

त्याला एक मोठा भाऊ होता, गोपाल. गोपाल पाड्याजवळच्या शाळेत शिकायचा. तिथले मास्तर ज्यांना काही येत नाही अशा पोरांना पुढे बसवायचे, डोळ्यांसमोर राहावीत म्हणून. हुशार पोरं मागे. त्यांच्याकडे कुणी बघायची गरज नाही. गोपाल सगळ्यात पुढे बसायचा आणि घरी येऊन सांगायचा, माय, मी पयला आलो. आई त्याच्यावर विश्वास ठेवायची. एकदा तर तिने अख्ख्या पाड्यात गूळ वाटला. मग एक दिवस शाळेतल्याच कुण्या पोराने सगळ्यांसमोर हसून सांगितलं की पुढे बसवतात ते ठोंब्यांना. गोपाल त्याच आठवड्यात घरातून निघाला तो तेलंगणात मिरची तोडायला गेला, आणि आजपर्यंत आला नाही. फोनही नाही.

त्यामुळे आमच्या चॅपलच्या पायरीवर पहिल्या रविवारी येऊन बसली तेव्हा सुंदराबाईने काय पाहिलं? दुसरा पोरगाही सगळ्यात पुढे. आणि तो तिला काय सांगतो? माय, मी पयला आलो. शब्दही तेच.

"म्या लय सांगून पाह्यलं, सर," हेमराज म्हणाला. "मार्कशीट दाखवली. ते म्हनते, गोपालनं बी कागद दाखवला होता. मी बोललो का ते रडते. म्हनून मी बोलनं सोडलं."

"मग इतके दिवस बसला नं पुढं? आताच काय झालं?"

तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. आईच्या गळ्यात गाठ आहे. दिवाळीपासून ती वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला बहिणीकडे येऊन राहिली आहे, इलाजासाठी. डॉक्टर सांगून थकले की ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर हाताबाहेर जाईल. पण बाई भरती व्हायला तयार नाही. म्हणते, माझं हे पोरगंही पुढच्या बाकावर बसलं आहे, मी तिथे खाटेवर पडले आणि हाही गोपालसारखा निघून गेला तर? याचं गाडं ठिकाणावर येऊ दे, मग जाईन.

"मी मागं बसलो का ते जाईन, सर," तो म्हणाला. "नागपूरचं काय, मी कुठंबी शिकीन. तुमी तिले काई सांगू नका. ऑपरेशन होऊ द्या."

मी त्याला खूप बोललो. अरे, आईला समजावून सांगू, मी सांगतो, फादर सांगतील. तो फक्त मान हलवत राहिला. तुम्ही सांगितलं की तिला वाटेल मीच सांगायला लावलं, म्हणाला. मला माझा तो ऐटीतला रविवार आठवला.

निकाल जाहीर व्हायच्या आधी मी ते पेपर घेऊन फादर तुस्कानोंकडे गेलो. वसईकडचा माणूस, बोलणं मऊ, पण नियमाला पक्का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हेमराजचा पेपर उघडून बराच वेळ पाहत बसले.

"पुन्हा परीक्षा घ्या त्याची," मी म्हणालो. "हा काय निकाल आहे?"

"येळणे, रजतने उत्तरं बरोबर लिहिली. त्याचा काय गुन्हा? आणि हेमराज पुन्हा हेच लिहील."

"मग जागा तशीच द्या हेमराजला."

"कशावर? तुमच्या-माझ्या मनावर?" त्यांनी पेपर मिटला. "त्याने काय सोडलंय ते त्याला कळतं, येळणे. आपल्यालाच सोसत नाही."

मी दार आपटून निघालो. संध्याकाळी चॅपलवरून जाताना पाहिलं, फादर एकटेच आत होते, पुढच्या बाकासमोर गुडघे टेकून. तेव्हा मला त्यांचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच राग आला.

पुढच्या रविवारी पोट्टे नव्या नंबराने बसले. रजत पुढे गेला, पण खाली मान घालून, चोरी केल्यासारखा. हेमराज शेवटी, दाराच्या चौकटीला खांदा लावून. सुंदराबाई आली, पायरीवर टेकली, नेहमीसारखं पुढे पाहू लागली. पुढे डोकं नव्हतं. ती घाबरून अर्धवट उठली, आणि मग तिला तो दिसला. हातभर अंतरावर. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि हसला.

तिने हात लांबवून त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. मग गाणी संपेपर्यंत तिने डोळे मिटूनच ठेवले. प्रार्थनेनंतर माझ्याकडे आली, पदराच्या गाठीतून गूळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"सर, माह्या पोराचं भलं झालं जी," ती म्हणाली. गाठीमुळे तिचा आवाज घोगरा झाला होता. "आता मी जातो दवाखान्यात. तारीख घेतली हाय."

मी गूळ लगेच तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको. हेमराज तिच्या मागे उभा होता. त्याचा चेहरा पहिला आल्यावर कधी एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, जाऊ दे. नागपूर गेलं, बाई तर वाचली. बोर्डाला पोरगा काय ते दाखवीलच.

पण निरोपाचा रविवार कुणाच्याच ध्यानात आला नाही. माझ्याही नाही.

दहावीची मुलं बोर्डाच्या अभ्यासाला मोकळी होतात त्याआधीचा तो शेवटचा रविवार. त्या दिवशी फक्त दहावीच्याच आईबापांना बोलावतात, म्हणून सुंदराबाईने तो आधी कधी पाहिला नव्हता. आमची रीत अशी, की त्या दिवशी वाचन फादर करत नाहीत. पहिल्या बाकावरचा मुलगा उठतो, वेदीजवळ जातो आणि बायबलमधला उतारा वाचतो. तो वाचत असेपर्यंत सगळं चॅपल उभं राहतं. पोरं, सर, स्वयंपाकघरातल्या बाया, फादरसुद्धा, खाली मान घालून. पहिल्याला दिलेला हा शेवटचा मान.

हेमराजने हे गेली दोन वर्षं पाहिलं होतं. तरी त्याच्या गणितात ही पायरी कशी सुटली, मला कळत नाही. नंतर मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मले वाटलं, ते माह्याकडेच पाहीन. दुसरं काई तिले दिसनार नाई."

व्हरांडा त्या दिवशी माणसांनी भरला होता. सुंदराबाई आपल्या जागी, हेमराजच्या पाठीशी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भरती व्हायचं होतं. पिशवी सोबतच आणली होती. गाणं झालं. मग फादरांनी मान हलवली आणि रजत उठला. वेदीच्या पायऱ्या चढला, पुस्तक उघडलं, आणि सगळं चॅपल एकदम उभं राहिलं. बाक सरकल्याचा आवाज झाला. हेमराजही उभा राहिला. व्हरांड्यातले आईबाप एकमेकांकडे पाहून उठले.

सुंदराबाई उठली आणि तिने पुढे पाहिलं. मी भिंतीशी होतो, तिचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. तिने फादरांकडे पाहिलं, ते मान खाली घालून उभे होते. माझ्याकडे पाहिलं, मीही उभाच. मग पुढच्या बाकावरून उठून गेलेल्या त्या पोराकडे पाहिलं. ठोंब्या पोरासाठी फादर उभे राहत नसतात. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने हेमराजच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी विचारलं. मला गोंडी येत नाही, पण तो प्रश्न काय असेल, ते कळायला भाषा लागत नव्हती.  हेमराजची मान अशी खाली गेली की तेच उत्तर झालं.

मग त्या बाईने चौकट ओलांडली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती आत आली, अनवाणी, हातात पिशवी तशीच. पोराचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन बाकांमधल्या वाटेने पुढे निघाली. रजत वाचता वाचता थांबला. कुणी हललं नाही. ती सगळ्यात पुढच्या बाकाशी गेली, पोराला तिथे, वेदीच्या पायऱ्यांशी उभं केलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता.

रजतने फादरांकडे पाहिलं. फादरांनी मान वर न करताच म्हटलं, "पहिल्यापासून वाच, बाळ."

रजतने पहिल्यापासून वाचलं. त्याचा आवाज दोनदा फुटला. पुढच्या बाकाचा तो मान होता आणि पुढच्या बाकावर कोण उभं होतं, हे त्या चॅपलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. गणिताच्या मास्तराला रडताना पोट्ट्यांनी पाहिलं तर पाहू देत.

प्रार्थना संपल्यावर पोरं नाश्त्याला गेली. कुणी गडबड केली नाही. सुंदराबाई परत येऊन आपल्या पायरीवर बसली होती. हेमराज तिच्यासमोर उकिडवा बसून एकच विचारत होता, "माय, उद्या जाशीन नं? माय, बोल नं. जाशीन नं दवाखान्यात?" बाकी सगळं गेलं त्याचं त्याला काही नव्हतं. एवढं एकच हातचं जाईल याची भीती.

"जाईन," ती म्हणाली. "तू इतकं केलं, आता नाई जाऊन कसं होईन?"

तो तिच्यासाठी चहा आणायला धावला. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"सर, पुढं बसला असता तर काय भेटलं असतं त्याले?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण या बाईशी सगळे जण तिच्या भल्यासाठीच काही ना काही लपवत आले होते. मी नागपूरचं सांगितलं. कॉलेज, राहणं, पुस्तकं, सगळं. मग घाईघाईने म्हणालो, "पण बोर्ड आहे अजून, सुंदराबाई. मी आहे. वर्ध्यात कॉलेजं आहेत, माझं घर आहे. पोरगा थांबणार नाही."

तिने ऐकून घेतलं. चॅपलमध्ये आता कुणी नव्हतं. उघड्या दारातून पुढचा रिकामा बाक सरळ दिसत होता, आणि ती तिकडेच पाहत होती.

"तीन वर्स मी या पायरीवर बसून तुमच्या देवाले एकच म्हनत होती, सर," ती म्हणाली. "का माह्या पोराले तेवढं पुढून उचल आन मागं आनून बसव. दुसरं काई नाई मांगलं."

तिने पदराने तोंड पुसलं.

"आन त्यानं आयकलं जी."